रविवारची सतरंजी

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेपरात माझा फोटो पाहिलाच असशील. मंगळवारी विरोधी बाकांवरचे आम्ही अकराजण घोषणा देत सभागृहातून बाहेर पडलो. घसा बसलाय, पण सरकारची झोप उडवली. आपली वस्ती हटवण्याचं विधेयक तेवढं मंजूर झालं. बहुमत त्यांचं, आपण काय करणार?

आईला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्याशिवाय जिला चैन पडत नाही, ती गप्प कशी? तिला सांग, पोराने बाबांचं नाव राखलं. भाचरांना पापे.

तुझा,
बाळ्या


ता. १३ मार्च

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

आई मंगळवारी तिथेच होती. वस्तीतल्या सहा बायकांना आणि मला घेऊन प्रेक्षकांच्या गॅलरीत बसली होती. तुम्ही बाहेर पडलात तेव्हा तिने बायकांना धीर दिला, मतदानाला येतील परत. मग मतं मोजली. विधेयक चार मतांनी पास झालं. तुम्ही अकराजण आत बसला असता तर घरं वाचली असती.

खाली उतरताना कँटीनच्या काचेतून तू दिसलास, मंत्र्यांच्या टेबलावर. ते तुझ्या पाठीवर थाप मारत होते आणि तू हसत होतास. आई बायकांना घाईघाईने दुसऱ्या जिन्याने घेऊन गेली. चळवळीत चौदा महिने तुरुंगात काढताना मान खाली न घातलेली बाई तुला लपवत होती, बाळ्या. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं काय ते कळव. तब्येतीला जप, असं सवयीने लिहिते.

ताई


ता. १८ मार्च

ती. ताईस,

सगळं आधीच ठरलं होतं. आम्ही बाहेर पडायचं, फोटो आमचा, विधेयक त्यांचं. बदल्यात माझ्या मतदारसंघात पूल. पूलही लोकांचाच, अशी मी मनाची समजूत घातली. आईबाबा तुरुंगात असताना आपण त्याच बायकांच्या घरी जेवलो, हे तेव्हा आठवलं नाही. आता जेवताना रोज आठवतं.

बाबांची रविवारची बैठक आठवते? ज्याची चूक त्याने सतरंजीवर उभं राहून सांगायची, आणि कुणी रागवायचं नाही. आठ वर्षांचा असताना मी चळवळीच्या पत्रकांवर शाई सांडली, तेव्हा उभं राहून सांगितलं होतं. आता माझ्याच्याने होणार नाही. आईला सांग, राजीनामा देतो, पण वस्तीत तोंड दाखवायला लावू नका.

तुझ्या पाया पडायचीही लाज वाटणारा,
बाळ्या


ता. २४ मार्च

चि. बाळास,
आशीर्वाद.

राजीनामा टपालाने पाठवता येतो, म्हणून तुला सोपा वाटतोय.

येत्या रविवारी पाच वाजता वस्तीच्या शाळेत सतरंजी घालतोय. तू यायचंस. घाबरू नकोस, आधी मी उभी राहणार आहे. निवडणुकीत गुडघ्यांना पट्टे बांधून मी दारोदार हिंडले. प्रत्येक दारात म्हणाले, हा माझा मुलगा आहे, तुम्हाला सोडून उठून जाणार नाही. ती चूक माझी, मी सांगणार. कुणी रागावणार नाही, नियमच आहे तसा. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

माझं झालं की तू.

स्वेटर आण, शाळेत गार असतं. माझा लोभ काही सुटत नाही, तो आहेच.

तुझी,
आई