पुनवेची गिनती

५ मे २००२, रविवार
डावा कान अजून वाजतोय. आरतीला उठलो नाही म्हणून शेषरावनं लाथ घातली, केस धरून उभं केलं, परत बसलो तर परत लाथ. शेषराव स्वतः कैदीच. पण शिक्षा लागलेला आणि चांगल्या वागणुकीचा, म्हणून तुरुंगाच्या साहेबानं त्याला बराकीवर वॉर्डर केलाय. चांगली वागणूक म्हणे! संध्याकाळी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या हा त्याचा कायदा. माझं कुणाच्या देवाशी भांडण नाही. पण माझ्या बापानं धम्म घेतला, मीही शपथ घेतलीय, ती लाथेला भिऊन मोडणार नाही. आई मला रेडा म्हणते ते उगाच नाही.
मी काही संत नाही. बांधाच्या भांडणात फावड्याच्या दांड्यानं शेजाऱ्याचा जबडा फोडला म्हणून इथं आलो. ते खोटं नाही.

९ मे, गुरुवार
बायको कमल भेटीला. डोंगरकड्याहून जीप, पुढं एसटी. माझा सुजलेला डोळा बघून विचारलं. न्हाणीत घसरलो म्हटलं. कमल म्हणाली, "न्हाणीत पडल्यावर पाठ फुटते. डोळा न्हाई फुटत."
पुनवेला पांढरा सदरा-पायजमा आण म्हणालो. वैशाख पौर्णिमेला आम्ही सगळे पांढऱ्यात विहारात बसतो. निकाल न लागलेल्यांना इथं घरचे कपडे चालतात.

१३ मे, सोमवार
कैद्यांच्या गिनतीला जोडीजोडीनं उकिडवं बसवतात. माझ्या जोडीला हमीदचाचा, पुसेगावचे, सत्तरीचे. कोपऱ्यात नमाज पढतात आणि आरतीलाही उभे राहतात. मी चिडून विचारलं, असं कसं जमतं तुम्हाला. म्हणाले, "उभं राहून घे ना बाबा. अल्लाला बराबर ठाऊक हाय मी काहून उभा हाय ते."
तुमचा अल्ला समजूतदार आहे, माझं टाळकं नाही, असं म्हणालो. हसले. उगाच बोललो.

१६ मे, गुरुवार
चाचा नमाजात वाकलेले असताना शेषरावनं मुद्दाम त्यांच्या चटईवर वरण ओतलं. मी थाळी हिसकली आणि त्याच्या तोंडावर घातली. ओठ फाटला, एक दात पडला. दुसऱ्यांदा घातली तेव्हा बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण रोज पंचशील म्हणतो आणि पहिलं शील हिंसा न करण्याचं आहे.
मग शिपाई आले. तिघांनी दाबून धरलं, चौथ्यानं तळपायांवर काठी चालवली. मी आईच्या नावानं ओरडलो. आता कोठडीत.

२२ मे, बुधवार
कोठडीतून सुटलो. भिंत धरून चालतोय. स्वयंपाकावरचा सेनगावकडच्या तांड्यातला राठोड गुपचूप हळद देऊन गेला.
साहेबानं बोलावलं. बराकीत पुन्हा रक्त नको म्हणाला. पुनवेच्या दिवशी साडेचारपासून तासभर आवारात, पाण्याच्या टाकीमागं बस, तुझी वंदना कर. मी लेखी मागितलं. "माझा शब्द पुरत नाही का तुला?" म्हणाला. पुरला. जिंकलो असंच वाटलं.

२७ मे, सोमवार
काल लिहवलं नाही.
कमलनं आणलेले पांढरे कपडे घातले. इथं शिक्षा लागलेल्यांचे कपडेही पांढरेच. हे रोज डोळ्यांनी बघतो, तरी डोक्यात आलं नाही. आमच्याकडं पुनवेला पांढरं म्हणजे पांढरं, त्यात दुसरा विचार कोण करतो.
गिनतीला नवा शिपाई. आवारात स्वयंपाकाचे चौघं पांढऱ्यात, टाकीमागं मी. त्यानं मलाही शिक्षा लागलेल्यांत धरून पाच मोजले. मग बराकीत एक कमी भरला. शिट्टी झाली. जोडीतला एक नसला की दुसऱ्याला धरतात. चाचा सांगत होते, तो बाहेर वंदनेला बसलाय. ऐकणार कोण? शेषराव म्हणाला म्हातारा खोटं बोलून राहिला, आणि शिपायांच्या बरोबरीनं त्यानंही दांडकं घातलं. साहेब रविवारचा घरी.
टाकीमागं मला ऐकू येत होतं. बराकीत मार रोजचाच, असं आधी वाटलं. मग चाचांचा आवाज ओळखला. हो, ओळखला. तरी उठलो नाही. एवढा मार खाऊन एक तास मिळाला होता, तो सोडवेना. शेवटच्या गाथेपर्यंत म्हणून घेतलं आणि मग धावलो.
चाचांच्या तीन बरगड्या मोडल्या, उजवा हातही. तोंडातून रक्त. मला बघून म्हणाले, "झाली का तुझी पूजा?" रागानं नाही, खरंच विचारत होते. लाज वाटते. असली लाज शेजाऱ्याचा जबडा फोडला तेव्हाही वाटली नव्हती.

३० मे, गुरुवार
चाचा सरकारी दवाखान्यात. साहेबानं कागद लिहूनच आणला: कैदी हमीद न्हाणीत घसरला, मी पाहिलं. खाली माझी सही हवी. सही केली तर सोमवारी जामिनाला कुणी आडवं येणार नाही. न केली तर पांढरे कपडे घालून पळायचा प्रयत्न केला म्हणून नवा गुन्हा. तुम्हीच परवानगी दिली होती, म्हणालो. "कसली परवानगी?"
फाडून तोंडावर फेकायचा होता. विचार करतो म्हणालो. भ्यालो.

१ जून, शनिवार
कमल दवाखान्यात जाऊन मग इकडं आली. चाचांचा निरोप: बोलू नको, घरी जा, माझं काय राहिलंय आता. तिला विचारलं, तू काय म्हणतेस. जाळीला बोट लावून म्हणाली,
"मला तुमी घरी पायजे. पण त्या म्हाताऱ्याचं तोंड बघून आलेय मी. मला इचारू नका."

३ जून, सोमवार, सकाळी
आज कोर्ट. मॅजिस्ट्रेट प्रत्येकाला विचारतात, तुरुंगात मारहाण झाली का, काही तक्रार आहे का. आम्ही ओळीनं "न्हाई साहेब" म्हणतो. मी दोनदा म्हटलंय. एकदा डोळा मिटलेला होता, तरी म्हटलं, आणि त्यांनी तसंच लिहून घेतलं.
राठोड म्हणाला, आज तिसरं नाव तुझं. शिपाई बेड्या घेऊन दारात उभा आहे. साहेबाचा कागद खिशात, सहीची जागा अजून कोरी. सहीसाठी त्यानं पेनही दिलंय, त्याच पेनानं हे लिहितोय.