मधली रेघ

५ नोव्हेंबर
नात आज पुन्हा धड जेवली नाही. वादळीण म्हणते मी तिला. ताट पुढ्यात आणि डोळे मोबाइलवरच्या ढगावर. पांढरा गोल ढग, मधे भोक. म्हटलं, एवढ्याशा भोकाला घाबरतेस? म्हणाली, "आजी, त्या भोकात दोन जिल्हे मावतील."
मग मीही ताट बाजूला सारलं!

६ नोव्हेंबर
हवा मेल्यासारखी. डब्यातलं मीठ ओलं होऊन त्याचा गोळा झालाय.
पोरगी इतकी वर्षं वाऱ्यावर शिकली, परदेशात जाऊन पदवी आणली. आणि गेली काही वर्षं किनाऱ्यावर घरोघरी विचारत फिरते — वादळ येतं तेव्हा तुम्ही घर का सोडत नाही? मी म्हटलं, एवढं शिकून हेच? तर म्हणे, "वारा कळतो गं आजी. माणसं कळत नाहीत."
कळायचीही नाहीत. तिचा बापच बघा. माझा मुलगा. खाली खाडीच्या वस्तीत बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि स्वतःचं डोकं कधी उघडून बघत नाही.

७ नोव्हेंबर
टीव्हीवर नकाशा आला. वादळाचा पट्टा, पुढे रुंद होत गेलेला. मधोमध काळी रेघ. रेघ बंदरावर. खाडीची वस्ती खाली, पट्ट्याच्या कडेला.
ती रेघच काढून टाका म्हणून नात तिच्या हवामान खात्याच्या ऑफिसात भांडली होती. साहेब म्हणाले, लोकांना रेघ लागते.
मग बापाला फोन. मी शेजारीच बसले होते.
"बाबा, वर आमच्याकडे या."
"रेघ बंदरावर आहे. आम्ही कुठे!"
"रेघ बघू नका, पट्टा बघा. पट्ट्यात कुठेही येईल ते."
"मग रेघ काढता कशाला? हौस म्हणून?"
वर म्हणतो, लेकीच्या घरी गठुडं घेऊन पडायला मला जमत नाही. मानी! बापावर गेलाय.

८ नोव्हेंबर
समुद्र खूप मागे गेलाय म्हणे. वस्तीतली माणसं मजा बघायला गेली. माझा दिवटा पुढे असणार.
नात खुर्चीत नुसती बसून. म्हणाली, खाडीत पाणी घुसलं की आमच्या घराच्या पत्र्यापर्यंत जाईल. माझ्याच हिशोबात आहे ते घर, आजी. नकाशात लाल रंगवलंय मी त्याला.
मी चिडले. म्हटलं, तुझ्या बापाला तोंडाने सांगून कधी कळलंय? रेघच कळते ना त्याला? मग ने ती त्याच्या घरावर!
"असं करता येत नाही गं. नोकरी जाईल माझी."
"नोकरी दुसरी मिळेल."
उठून आत गेली. रागावली असेल, म्हटलं रागाव.

९ नोव्हेंबर
केलं तिने. पट्टा तसाच, रेघ तेवढी खाली ओढली. खाडीवर, थेट घरावर. फक्त बापाच्या फोनवर पाठवला नकाशा, कुणाला दाखवू नका म्हणून. मी चहा दिला, तो तिने तसाच गार होऊ दिला.
दुपारी त्याचा फोन. आवाज पार बसलेला. "निघतो," म्हणाला. इतकंच.
जिंकले! रेघेने जे केलं ते माझ्या तोंडाला कधी जमलं नाही. मागच्या खोलीत चटया टाकून ठेवल्या, घोंगडी काढली. उद्या आला की आधी चार शिव्या घालणार, मग जेवायला वाढणार.

१० नोव्हेंबर
सकाळी नात अंघोळीपुरती घरी आली. ऑफिस सोडवत नाही. म्हणाली, दुपारपर्यंत किनाऱ्याला लागेल, आणि रेघ हललेली नाही. खरी रेघ. आल्याआल्या विचारलं, बाबा आले?
मी म्हटलं, येईल, वाटेत असेल.
ती न्हाणीत गेली आणि त्याचा फोन आला. मागे वारा नुसता शिट्या मारत होता.
"आई, अख्खी गल्ली उठवली! तो नकाशा दाखवला सगळ्यांना. एवढी माणसं तुमच्याकडे कुठे मावणार? मेव्हण्याच्या गोदामात आलोय सगळे. बंदरावर. रेघेपासून लांब. तिला सांग, बापाने ऐकलं तिचं."
फोन तुटला. आता लागत नाही.
आत ती गाणं गुणगुणतेय. किती दिवसांनी!