आभाळातला बांध

बुधवार, दिवेलागण

आज पुन्हा मार खाल्ला. नातीच्या कॉम्प्युटरवरच्या त्या ग्रहताऱ्यांच्या लढाईत माझे सहा ग्रह होते, आता एकच उरलाय. सगळी जहाजं मी शेजाऱ्याच्या हद्दीला ओळीनं उभी केली होती. चाकणला जन्मभर शेत राखलं ते असंच. नजर बांधावर ठेवली की शेजाऱ्याची बांध कोरायची छाती होत न्हाई. पण हा मेला वरनं उतरला.

प्राजू तळवड्याहून कामावरनं आली, बघून हसली. "आजी, आभाळाला बांध नसतो गं. वरनं, खालनं, कुठनंही येतात. नवीन खेळणारे सगळे इथंच फसतात. मोड हा डाव, सोप्या लेव्हलवर नवा लाव."

"सोपी लेव्हल तुझ्या होणाऱ्या सासूला दे," म्हटलं.

बांध नसतो म्हणे. मग राखायचं तरी काय? भाजी निवडताना तेच डोक्यात. बांध नसला तरी घर हाय की. घर राखायचं, चहूबाजूंनी, वरनंसुद्धा.

उठले, उरलेल्या ग्रहाभोवती जहाजं गोल लावली. डाव मोडला न्हाई, मोडणारही न्हाई.

एक जहाज मात्र बांधावरच ठेवलंय. आभाळातला झाला म्हणून काय, शेजारी तो शेजारीच.