उजव्या खांद्यावरचं जानवं

मद्रास, रविवार, जानेवारी १९८४

मैलापूरच्या शाळेत चित्रकथा वाचणाऱ्यांचा मेळावा होता. आमच्या सुमतीला कॉलेजच्या अंकासाठी एका चित्रकाराची मुलाखत घ्यायची होती, म्हणून मी सोबत गेले. माणूस गोड बोलणारा. "देवांची चित्रं मी सोवळ्यात बसूनच काढतो, अम्मा," म्हणाला.

मी त्याचं पुस्तक उघडलं. लग्नात ऋषी आशीर्वाद देतोय आणि जानवं उजव्या खांद्यावर! तसं तर श्राद्धात पितरांसाठी घेतात. विचारलं, तर हसला. "छापखान्यात ठसा उलटा लागला, अम्मा." सुमतीने लगेच लिहून घेतलं. पण ठसा उलटा लागला, तर त्याच चौकटीतली अक्षरं सरळ कशी?

चारचौघांत बोलले नाही. निघताना तो सुमतीला म्हणतो, "मूळ चित्रं तांबरमला घरी आहेत. शनिवारी येऊन बघ."

बसमध्ये मी शंका बोलून दाखवली, तर सुमती माझ्यावरच उखडली. "ऐयो आई, चूक झाली म्हणायला लाजला असेल. एका जानव्यावरून माणूस खोटा ठरवतेस?"

ठरवते का मी? चूक कोणाच्याही हातून होते. पण रोज जानवं घालणाऱ्याचा हात उजवीकडे जाईलच कसा? चित्रं त्याचीच ना? की काढणारा दुसराच कोणी, आणि मेळाव्यात मिरवणारा हा?

सुमती रुसून बसली आहे. शेवटी सांगितलं, तांबरमला जायचं नाही, त्यालाच इथे जेवायला बोलाव. सांबार-भात पोटभर वाढीन, आणि पान उचललं की कागद-पेन्सिल पुढे ठेवीन.