रिकाम्या ओळी

मंगळवार, ४ मार्च

आणखी एक खूण वाढवली! साध्या मजकुरात शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी टाकली की यंत्र तो मोठ्यानं वाचतं, खाली रेघ टाकली की हळू. आता नागमोडी रेघ – टोमण्यासाठी. गेल्या वर्षी अर्धांगवायूनं बाबांची वाचा गेली, आता ते टाइप करतात आणि यंत्र बोलतं; पण टोमणे आत आहेतच की!

वेसेलिनला दाखवलं. ऑफिसात शेजारीच बसतो, ही खुणांची पद्धत आम्ही दोघांनी मिळून रचलीय. म्हणाला, "राली, अगं, माणूस बोलणार आहे की विमान चालवणार आहे?" मेला.

गुरुवार, ६ मार्च

बाबांनी एकही खूण वापरली नाही. यंत्रानं सगळं एका दमात वाचलं, स्टेशनवर गाड्या पुकारतात तसं. बाबांनी तोंड फिरवलं.

शनिवार, ८ मार्च

महिला दिन. क्रुमदादा ट्यूलिप घेऊन आला आणि फुलं पाण्यात पडायच्या आत मुद्द्यावर आला. वार्नाजवळच्या वृद्धाश्रमात एक जागा झालीय. "तू दिवसभर ऑफिसात, हे इथं एकटे. पुढच्या रविवारपर्यंत कळवायचंय त्यांना."

"बाबांना विचार की!"

"विचारतो. काय बाबा, जायचं ना?"

बाबा डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायला लागले. यंत्रातून अर्धं वाक्य निघतंय न निघतंय तोच दादा "हो हो, कळलं" करून पुढे! बाबांनी कीबोर्ड ढकलून दिला. फुलदाणी दादाच्या डोक्यात घालावीशी वाटली.

रविवारपर्यंत बाबांना बोलतं करायचंच. त्यांनी स्वतः 'नाही जाणार' म्हटलं की दादाची बोलती बंद.

सोमवार, १० मार्च

चांदणीला शिफ्ट दाबून धरावी लागते. म्हणजे दोन हात! बाबांचा चालतो एकच. इतके दिवस माझ्या लक्षात येऊ नये?

सगळ्या खुणा काढल्या. एकच ठेवली – ओळीच्या सुरुवातीला टिंब दिलं की मोठा आवाज. वेसेलिन खूश: "आता कशी माणसात आलीस!" बाबा मात्र वाक्य लिहितात, ऐकतात आणि खिडकीकडे बघत बसतात. सोपं झालं खरं, पण त्या बोलण्यात बाबाच नाहीत.

गुरुवार, १३ मार्च

सापडलं!! आज बाबांनी टाइप केलेली मूळ फाइल उघडली. वाक्यावाक्यांमध्ये रिकाम्या ओळी. कुठे एक, कुठे चार, एके ठिकाणी तर अर्धं पान कोरं. आणि आमचा पहिलाच नियम काय? रिकाम्या ओळी कितीही असोत, एकच धरायची. लोक उगाच एंटर बडवतात, तो कचरा साफ व्हावा म्हणून! किती मिरवला होता आम्ही तो नियम. बाबा रोज बोलत होते आणि मी रोज झाडून टाकत होते.

उभा जन्म नाटकात प्रॉम्प्टर म्हणून काढलाय या माणसानं. नट थांबला तर विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे रंगमंचापुढच्या प्रॉम्प्टरच्या पेटीत बसून ओळखायचं. नको तिथे शब्द पुरवला की प्रवेश गेला! एका बोटानं लिहायचं झालं तर ते आधी थांबणंच लिहिणार ना?

वेसेलिन डोकं धरून बसला. "तो नियम माझा होता गं." दोघांनी मिळून काढून टाकला. आता एक रिकामी ओळ म्हणजे एक श्वास. बास.

शुक्रवार, १४ मार्च

संध्याकाळी मी केलेलं सूप चाखून बाबांनी टाइप केलं. यंत्र म्हणालं, "सूपमध्ये मीठ घातलंय –" मग तीन श्वास शांतता. "– म्हणतात."

हसता हसता रडले मी! वर्षभरानं बाबा घरात आले.

रविवार, १६ मार्च

दादा आला. बाबांनी आधीच लिहून ठेवलं होतं, फक्त बटण दाबलं.

"क्रुम."

यंत्र थांबलं. दादानं तोंड उघडलं आणि मिटलं. मध्ये बोलायचं नाही, हे त्यालाही कळलं.

"मी जाणार आहे."

"बाबा!" मी ओरडले. त्यांनी डावा हात वर केला. अजून संपलं नव्हतं. आम्ही दोघं वाट बघत उभे.

"राली वर्षभर झोपलेली नाही."

दादाच रडायला लागला.