चकतीचा कान

१५ जानेवारी
आला खोका. दहा चाळीसला – गेल्या महिन्यापेक्षा पंचवीस मिनिटं उशिरा. दोरीची गाठही मध्यावर नाही. सात पुड्या आणि एक पत्रक. गावोगावचा जुना खाऊ, दर महिन्याला घरपोच. वर्गणी भरली ती हौसेनं नव्हे. या लोकांनी दोन वर्षांपूर्वी माझी तांदळाची चकती परत पाठवली होती. "वाटेत मोडेल." मग न मोडणारं काय असतं, बघू तरी!

कुरमुऱ्यांची वडी: पाक एक मिनिट जास्त. समुद्री पाल्याची आंबट पट्टी: बरी. भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाची काडी: चांगली. अगदी चांगली. जिभेवर विरघळते, पण थोडी दाताला धरून राहते, आणि सगळी चव त्या धरून राहण्यातच. सत्तावन्न वर्षांचा झालो. ही काडी आपल्याच देशात होते, ठाऊक नव्हतं. या खोक्यांआधी दुसऱ्याच्या हातचं कधी चाखलंच नाही. वेळ कुठे होता?

१६ जानेवारी
मनगट दुखतंय. उजवं. चकतीला कान काढायचा म्हणजे दाबताना मनगट बाहेर मुरडावं लागतं. वीस वर्षं मुरडतोय. सोका गावच्या पेठेत चकत्या भाजणारे पुष्कळ. पण काठ एका बाजूनं उठलेला, त्या खोलग्यात सोयाचा रस मुरलेला – अशी चकती एकट्या मुनेहारु कुरातानीची! शाळा पंधराव्या वर्षी सुटली. वर्तमानपत्रवाल्याला सांगितलं तेच खरं: "गुरू नाही. शेगडीनं शिकवलं."

१४ फेब्रुवारी
खोका. शेजारची चहावाली शिगेमावशी टपूनच होती. एक्याऐंशी वर्षांची, पण दोरी सोडायला माझ्याआधी हजर.
"मुनेहारु, आधी देव्हाऱ्यात ठेव, मग खा!"
म्हटलं, "देव्हाऱ्यात आईबापांच्या तसबिरी. दोघांनाही दात नव्हते."
"तुला तरी कुठे आहेत? नुसती जीभ! फुमिए होती तोवर ऐकायला माणूस होतं. आता खोक्याला ऐकव."

काळ्या गुळाची जाड शेव निघाली, दक्षिणेकडच्या बेटांवरची. मावशीनं निम्मी पुडी संपवली. गुळाला मातीचा वास आहे. दोष म्हणून लिहिणार होतो. लिहीत नाही.

फुमिएला जाऊन अकरा वर्षं झाली. साडो बेटावर, माहेरी. आरडाओरडा नाही. घटस्फोटाच्या कागदावर सहीचा शिक्का उमटवला, थंडीचा कोट घेतला आणि चकत्या दाबायचं एक जुनं, मुठीचं कौल उचललं. मला राग आला तो कौलाचा. दुसऱ्याच दिवशी नवं आणलं.

१५ मार्च
पाचवी पुडी.
उघडली आणि हात थांबला. चकती. काठ उठलेला. कान!
पट्टी लावली – कान नऊ मिलिमीटर. माझा आठ. सोया दोन हात दिलेला, दुसरा हात चकती निवल्यावर. सगळं माझं. पत्रकात: "साडो बेट. भाजणार: फुमिए हामामोतो. कुणी शिकवलं? 'कुणी नाही. हात असाच चालतो.'"

कुणी नाही!! एकोणीस वर्षं माझ्या शेगडीपाशी बसून – कुणी नाही! आणि 'गुरू नाही' हे वाक्यसुद्धा माझंच.

१६ मार्च
खोकेवाल्यांना पत्र. सात पानं. कानाची आकृती, मापं, वर्तमानपत्राचं कात्रण, शेवटी शिक्का. दुरुस्ती छापा, म्हणून.

१७ मार्च
पुडीत पाच चकत्या होत्या. तपासायला चार. पाचवी नुसतीच खाल्ली.

१५ एप्रिल
खोक्याआधी फोन. पत्रक लिहिणाऱ्या त्सुजीबाई.
"कुरातानीसाहेब, दुरुस्ती छापलीय. आम्ही हामामोतोबाईंना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, 'ते म्हणताहेत ना, मग तसंच छापा. त्यांचं मोजमाप कधी चुकत नाही.'"
"मग झालं तर."
"हो. पण त्यांनी शेगडी बंद केली. यापुढे देणार नाहीत. तर जूनच्या खोक्यासाठी तुमच्याच चकत्या द्याल का? नऊशे पुड्या. आणि पत्रकासाठी चार ओळी – कान कसा सुचला, कधी सुचला."

दोन वर्षं ज्याची वाट पाहिली, ते फोनवर अडीच मिनिटांत झालं. शिगेमावशीला सांगितलं. म्हणाली, "वा! मग तोंड असं का, कच्चं, तुरट काकीफळ चावल्यासारखं?"

दुरुस्ती तीनदा वाचली. माझ्या नावात चूक नाही.

२० एप्रिल
"कधी सुचला" – मी अंदाजानं लिहिणारा माणूस नाही. माळ्यावरून भट्टीच्या जुन्या वह्या काढल्या. रोजचा कोळसा, हवा, किती चकत्या भाजल्या, किती बिघडल्या – सगळं टिपलेलं. वीस वर्षांपूर्वीच्या वहीत सापडलं. जसंच्या तसं उतरवतो.

"९ नोव्हेंबर. कोळसा बरा. हवा दमट. फुमिए पुन्हा डाव्या हातानं भाजायला बसली. एकशे बारा चकत्यांचा काठ उठला. वाया. बोललो. माझ्या शेगडीवर डावा हात चालणार नाही."
"१० नोव्हेंबर. वाया चकत्या फुकट वाटल्या. स्टेशनमास्तर पुन्हा मागायला आला."
"११ नोव्हेंबर. आज मी काठ उठवून पाहिला."

अक्षर माझं. शाई माझी. खाडाखोड नाही.

मी खोटं बोलत होतो असं असतं तर बरं झालं असतं. मला खरंच तसं आठवत होतं – एकटा मी, शेगडी, आणि पहाटे उठलेला तो पहिला कान. त्या आठवणीत फुमिए कुठेच नाही. वहीत आहे. "बोललो", एवढंच लिहिलंय. काय बोललो ते लिहिलेलं नाही. पण आता आठवतंय. तिनं हात मांडीवर ठेवले. मग उजव्या हातानं कौल उचललं. पुढची सगळी वर्षं उजव्याच हातानं.

२१ एप्रिल
शेगडी पेटवली नाही.

२२ एप्रिल
त्सुजीबाईंना फोन. म्हटलं, दुरुस्ती चुकली, कान तिचाच.
"साहेब, आधी तुमचा म्हणालात, आता त्यांचा. पुढच्या महिन्यात शेजाऱ्यांचा म्हणाल! दुरुस्तीची दुरुस्ती नाही छापत आम्ही."
नऊशे पुड्यांना नाही म्हटलं.  बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे तुम्ही त्यांनाच का नाही सांगत?"

२३ एप्रिल
वहीची दोन पानं फाडली. जन्मात कधी वहीचं पान फाडलं नव्हतं. पत्र्याचा चौकोनी डबा काढला, तिचाच, इथे राहून गेलेला. बारा चकत्या, वर पानं. पत्र चारदा लिहिलं. पहिलं सहा पानी. शेवटचं असं:
"फुमिए, वही तपासली. चूक माझी. शेगडी पुन्हा पेटव."
शिक्का मारणार होतो. मारला नाही.

शिगेमावशी डबा बांधताना बघत होती. पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. गाठ मारताना दोरीवर बोट मात्र धरलं.

३० एप्रिल
टपालवाला चहाच्या दुकानात शिरला. आमच्याकडे नाही.

३ मे
मावशी म्हणाली, "समुद्रापलीकडून यायचं म्हणजे वेळ लागतो." बोट अडीच तासांची आहे. 

६ मे
डबा परत आला. रिकामा डबा परत करू नये – रीत पाळली तिनं. आत तिनं नेलेलं जुनं कौल. चिठ्ठी नाही.

मुठीला निळी चिंधी गुंडाळलेली. अंगठ्याजवळ झिजून खोबण पडलेली. उजव्या हातात धरलं. बसेना. डाव्या हातात घेतलं.

शेगडी पेटवून एकच चकती ठेवली. दाबली. मनगट मुरडावं लागलं नाही. कान आपोआप उठला.