एकसष्ट वेळा हरलेला पास्को

४ ऑगस्ट, डार्विन
छावणीत आजपासून तिमोरची तेतुम भाषा शिकवणारा गेम. पडद्यावर तिमोरमधली गावं, आपण सैनिक. गावकऱ्यांशी बोलत पुढच्या गावाला जायचं. महिन्याभराने एकच जण तिमोरच्या राजधानीत, दिलीला जाणार. मीच! शाळेत इंडोनेशियन शिकलेय, गेम तर लहानपणापासून खेळते.

७ ऑगस्ट
ट्रकवाला पास्को पहिल्याच गावात अडकलाय. रामराम नाही, चौकशी नाही, एकदम रस्ताच विचारला — म्हातारीने दार लावलं! हा खो खो हसत मला म्हणतो, "ट्रास्क, आजीबाईने परत हाकललं बघ!" आणि पुन्हा सुरू. मी तिसऱ्या गावात.

१९ ऑगस्ट
पास्को चौथ्या गावात. मीही चौथ्यातच! चुकलं की गुण जातात, म्हणून मी खात्री असल्याशिवाय तोंड उघडत नाही. हा वाट्टेल ते बरळतो नि पुढे जातो. नुसता जळफळाट!

२ सप्टेंबर
परीक्षा. मैदानात खुर्चीवर खरीखुरी तिमोरची फिलोमेना मावशी. माझं एक वाक्य चुकलं नाही. शेवटी म्हणाली, "छान बोलतेस पोरी. पण तो काळा चष्मा काढायचास ना!" गेममध्ये पहिल्या दिवशी शिकवलेलं! घाईत विसरले.
पास्कोने चष्मा काढला, मातीत फतकल मारली, तिच्या नातवंडांची, कोंबड्यांचीसुद्धा विचारपूस केली. भाषेचे तीन तेरा. तिने त्याला स्वतःच्या थर्मासमधली कॉफी दिली. मेला!

३ सप्टेंबर
दिलीला पास्को. मी दुसरी.

४ सप्टेंबर
गेमचा अभ्यास करणाऱ्या इम्री बाईंना जाऊन विचारलंच. म्हणाल्या, "तुमच्या तुकडीत ना शाळेतले गुण कामी आले, ना लहानपणापासून गेम खेळायची सवय. हरल्यावर कोण परत बसतं, तेच. पास्को एकसष्ट वेळा बसला."
"आणि मी?"
"चार."
त्याचं काहीतरी बिनसावं असं वाटतं. वाटतं तर वाटतं!

८ सप्टेंबर
पास्को दिलीला जायचा फॉर्म घेऊन आला. मान खाली. "भरून देशील? अक्षरं नाचतात गं डोळ्यांपुढे. गेममधल्या सूचनाही वाचता यायच्या नाहीत, चुकून चुकूनच शिकलो. आजवर बायको भरायची. आता ती नाही... कुणाला बोलू नकोस."
हे वर कळलं तर त्याची जागा जाणार. ती मला मिळणार. फॉर्म माझ्याकडेच आहे.

९ सप्टेंबर
'वाचण्या-लिहिण्याची काही अडचण?' — 'नाही' लिहिलं. माझ्या हाताने!